गारठा, खुराडं आणि काळा पडलेला तुरा

प्रश्न : घरामागच्या खुराड्यात दहा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. रात्री पारा शून्याखाली दहा अंशांपर्यंत उतरतो, म्हणून सगळे झरोके पोती कोंबून बंद केले. तरी कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं काळी पडली. वारा कुठून शिरत असेल?

उत्तर : वारा शिरत नाहीये, आतली वाफ बाहेर पडत नाहीये. अकरा पक्षी मिळून दिवसाला दोन लिटरच्या आसपास पाणी पितात. अंड्यात जातं तेवढं सोडलं तर बहुतेक पाणी श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर येतं. ताज्या विष्ठेत तर जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं. खुराडं बंद केलं की ही ओल आतच साचते. कोरड्या गारठ्यात कोंबडी पिसं फुलवून, त्यांत हवा धरून आरामात बसते. तुऱ्याला मात्र पांघरूण नसतं, आणि दमट हवेत तो फार लवकर गोठतो. मोठ्या, एकेरी, उभ्या तुऱ्याचे कोंबडे म्हणूनच आधी सापडतात.

खात्री करायची तर सकाळी दार उघडल्या उघडल्या छताच्या आतल्या बाजूवर हात फिरवा. थेंब किंवा हिमाचा पापुद्रा लागला तर झरोके कमी पडताहेत. मग उकिडवं बसून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. विष्ठेतून सुटणारा अमोनिया वायू आपल्याला झोंबेपर्यंत पक्ष्यांच्या डोळ्यांना आणि श्वासनलिकेला त्रास सुरू झालेला असतो.

वरची पोती आजच काढा, खालच्या फटी बंदच राहू द्या. झरोके छताखाली, समोरासमोरच्या भिंतींत आणि दांडीवर बसलेल्या पक्ष्याच्या डोक्यापेक्षा निदान 30 सेंटिमीटर वर हवेत. सगळे मिळून जमिनीच्या क्षेत्रफळाच्या दहाव्या हिश्श्याइतके, हा ठोकताळा. त्यांवर अर्धा इंची जाळी ठोका, नाहीतर मुंगूस-मांजरांना आयती वाट. दांडीला टिश्यू पेपरची पट्टी बांधून पाहा : नुसती थरथरली तर ठीक, फडफडली तर वारा थेट अंगावर येतोय, त्या बाजूला फळी लावा.

जमिनीवर 15 सेंटिमीटर जाडीचा लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस पसरा. मूठभर उचलून दाबा; गोळा झाला तर ओलं आहे, बदला. दांडीखालची विष्ठा रोज सकाळी खरवडून काढा. एवढ्या एका कामाने निम्मी ओल जाते म्हटलं तरी चालेल.

दांडीही तपासा. गोल नळी, त्यातही लोखंडी, थंडीत वाईट. बोटं वळून बाहेर राहतात आणि धातू ऊब ओढून घेतो. आठ-नऊ सेंटिमीटर रुंदीची लाकडी पट्टी आडवी, सपाट बाजू वर करून ठोका, म्हणजे पक्षी पाय सपाट ठेवून बसतो आणि पोटाची पिसं बोटं झाकतात. पक्ष्यामागे 20 ते 25 सेंटिमीटर जागा पुरते.

प्रश्न : आत 250 वॉटचा तापवणारा दिवा लावू का?

उत्तर : पूर्ण पिसं आलेल्या, निरोगी पक्ष्यांसाठी नको. कोरडा भुसा, उडती पिसं आणि धूळ यांच्यात तो दिवा म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय उबेची सवय झालेल्या पक्ष्यांना, नेमकी कडाक्याच्या रात्री वीज गेली की, एकदम गारठा सोसावा लागतो.

पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांना पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश ऊब लागते, पुढे पिसं येईपर्यंत दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करायची. पण ही सोय घरात, कोरड्या खोलीत करा. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढली तर ऊब कमी आहे, लांब कडेला पळाली तर जास्त. आजारी किंवा पिसं गाळत असलेला पक्षीही असाच घरात आणा.

प्रश्न : लोकरीचे स्वेटर घालावेत का?

उत्तर : नाही. पिसं चपटी होतात, त्यांतली हवा निघून जाते, आणि स्वेटर भिजला तर विचारायलाच नको.

प्रश्न : पाणी तासाभरात गोठतं. कोंबड्या बर्फ टोचतात, तेवढं पुरेल?

उत्तर : पुरत नाही. बर्फ वितळवायला अंगातली ऊब खर्च होते, आणि पाणी कमी पडलं की दाणाही कमी खाल्ला जातो. पाण्यासाठी रबरी भांडी दोन घ्या. एक बाहेर असताना दुसऱ्यातला बर्फ घरात वितळतो. रबर उलटं करून आपटलं तरी तडकत नाही. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी कोमट पाणी द्या. भांड्याचं तोंड अरुंद हवं, नाहीतर चोचीखालच्या पाळ्या भिजतात आणि तिथेच गोठतात. रात्री आत पाणी ठेवू नका, अंधारात त्या पीत नाहीत, नुसती ओल वाढते. गोठू नये म्हणून पाण्यात मीठ घालणं तर अजिबात नको, जास्त मीठ त्यांना विषासारखं. संध्याकाळी मूठभर अख्खा मका चालेल : रात्रभर पचतो, तेवढीच ऊब. मात्र तो रोजच्या खाद्याच्या जागी नको.

प्रश्न : तुरा गोठला तर चोळून ऊब द्यावी का? व्हॅसलीन लावलं तर?

उत्तर : चोळू नका, शेकोटीजवळ नेऊ नका, केस वाळवायचं यंत्रही नको. बधिर भाग भाजतो आणि कळत नाही. पक्षी शून्यापेक्षा जरा वरच्या तापमानाच्या खोलीत ठेवा. पाय गोठले असतील तर 38 ते 40 अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा, तुऱ्यावर त्याच पाण्यात भिजवलेला फडका हलकेच ठेवा, मग पूर्ण कोरडं करा. वितळलेला भाग पुन्हा गोठला तर आधीपेक्षा जास्त नुकसान होतं, म्हणून त्याच रात्री बाहेर सोडू नका. फोड फोडू नका, काळं टोक कापू नका. ते खालच्या जिवंत भागाचं झाकण असतं, काही आठवड्यांत आपोआप गळतं. सूज, पू किंवा घाण वास आला, पक्षी खाईना झाला, तर पशुवैद्याला दाखवा. व्हॅसलीनच्या भरवशावर राहू नका. हवा दमट असेल तर त्याने तुरा गोठायचा थांबत नाही.

प्रश्न : अंडी कमी झाली, आणि मिळतात त्यांतली काही तडकलेली.

उत्तर : कमी झाली ती बहुधा दिवस लहान झाल्यामुळे. चांगल्या अंड्यांसाठी 14 ते 16 तास उजेड लागतो. टायमरवर छोटा एलईडी पहाटे लावा. संध्याकाळी लावून एकदम बंद केला तर कोंबड्यांना दांडी सापडत नाही. तडकतात ती गोठून, आतला द्रव फुगल्याने. दिवसातून तीनदा गोळा करा. कवच फुटलेलं अंडं खाऊ नका.