रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट बिघडलेले: खायचे तरी काय?

‘रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, तरी जेवले की पोट फुगते. मॅडम, आता मी खाऊ तरी काय?’ दापोलीजवळच्या एका गावातून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या एका ताईंचा हा प्रश्न किनारपट्टीवरच्या अनेक घरांत विचारला जातो. म्हणून त्यांच्या संमतीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, तो अनुभव येथे मांडत आहे.

ताईंनी एकेक पदार्थ सोडत आणला होता. आंबट बाधते असे कोणी सांगितले म्हणून आमसूल गेले, भाताने वात वाढतो म्हणून भात गेला, ओले खोबरे जड म्हणून तेही गेले. मासे आणि दूध एकत्र घेऊ नये, हे वचन मोबाइलवर वाचल्यापासून सोलकढीही बंद झाली आणि भीतीपोटी मासेही. शेवटी मुगाची खिचडी तेवढी उरली होती आणि आता तीसुद्धा पचत नाही असे त्यांना वाटू लागले होते.

यातला सोलकढीचा गैरसमज मला फार खटकतो, कारण तो कोकणी माणसाला त्याच्याच ताटाची भीती घालतो. विरुद्ध आहार, म्हणजे एकत्र खाऊ नयेत असे पदार्थ, सांगताना चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथाने माशांबरोबर वर्ज्य ठरवले ते जनावराचे दूध. सोलकढीत असतो तो नारळाचा रस. शिवाय जन्मापासून ज्या अन्नाची सवय आहे ते शरीराला मानवते, हा सात्म्याचा विचारही त्याच शास्त्रात आहे. पिढ्यान्‌पिढ्या उकड्या तांदळाची पेज जेवलेल्या माणसाने तांदूळ सोडून परक्या धान्याकडे वळण्यापूर्वी वैद्यांना विचारावे, असे मला मनापासून वाटते.

मात्र ताईंचा खरा प्रश्न पदार्थांचा नव्हता. आयुर्वेद जठराग्नीचे, म्हणजे अन्न पचवणाऱ्या शक्तीचे, सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद असे चार प्रकार मानतो. तेच अन्न एके दिवशी सहज पचावे आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच पोट फुगावे, हे विषमाग्नीचे लक्षण असून त्याचा संबंध वाताशी जोडला आहे. हा अग्नी कशाने बिघडतो, याचे उत्तर केवळ पथ्याच्या याद्या वाचणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. पथ्यकर अन्न योग्य मात्रेत घेतले, तरी चिंता, शोक, भय, क्रोध, त्रासदायक शय्या आणि जागरण यांमुळे ते पचत नाही, असे चरकसंहितेच्या विमानस्थान या विभागात स्पष्ट म्हटले आहे. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंद्वारे सतत देवाणघेवाण चालते आणि ताणामुळे आतड्यांची हालचाल व संवेदनशीलता बदलते, हे आधुनिक वैद्यकही मानते.

ताईंचा मुलगा व्यापारी जहाजावर नोकरीला आहे. बोलता बोलता समजले की त्याचा फोन येईपर्यंत त्या जेवत नसत. मग रात्री उशिरा, मोबाइल शेजारी ठेवून, ओट्यापाशी उभ्यानेच चार घास गिळत आणि प्रत्येक घासाबरोबर ‘हे बाधेल का?’ असा विचार करत. अन्नाकडे लक्ष देऊन, फार घाईने किंवा फार रेंगाळत न जेवता, आधीचे पचल्यावरच पुढचे जेवावे, हे नियम त्यांना तोंडपाठ होते. परंतु ते पाळण्याइतकी शांतता संध्याकाळनंतर त्या घरात उरत नसे.

कोणता पदार्थ बाधला याची त्या ठेवत असलेली नोंदवही मी बंद करायला सांगितले नाही. फक्त तिच्यात जेवणाची वेळ, आदल्या रात्रीची झोप आणि जेवताना मनात काय होते, हेही लिहायला सुचवले. काही आठवड्यांनी त्यांनीच वही उघडून दाखवले की नारळ असो वा नसो, पोट बहुधा फोन न आलेल्या रात्रीच दुखत होते. मग मुलाशी बोलून फोनची वेळ शक्य तेव्हा सकाळची ठरली आणि रात्रीचे जेवण दिवेलागणीनंतर लगेच, पतीबरोबर पाटावर बसून होऊ लागले. सोडलेले पदार्थ त्यांच्या वैद्यांच्या सल्ल्याने एकेक करून परत आले: आधी मऊ पेज, मग आमसुलाचे सार, पुढे थोडे खोबरे आणि शेवटी तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले.

त्यांचा त्रास पूर्ण गेलेला नाही. पावसाळ्यात अग्नी मंदावतो असे शास्त्र सांगते, आणि आषाढात त्यांचे पोट अजूनही कुरकुरते. तेव्हा त्या हलके जेवतात, पण घाबरून उपाशी राहत नाहीत.

वजन आपोआप उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, गिळताना अडकत असेल, पंडुरोग (रक्तक्षय) आढळला असेल किंवा पोटदुखीने रात्री जाग येत असेल, तर समुपदेशकाकडे येण्यापूर्वी डॉक्टरांकडे जावे. ताईंची सोनोग्राफी आणि एन्डोस्कोपी आधीच झालेली होती, म्हणूनच आम्हाला निर्धास्तपणे मनाकडे वळता आले.