'मारेकरी पेशी' की 'मारक पेशी'?

आरोग्यविषयक लेखाचं भाषांतर करताना 'नॅचरल किलर सेल'साठी, म्हणजे कॅन्सरच्या आणि विषाणू शिरलेल्या पेशींना मारणाऱ्या आपल्याच रोगप्रतिकारक पेशींसाठी, 'नैसर्गिक मारेकरी पेशी' लिहावं की 'घातक पेशी', असा प्रश्न आला आहे.

'घातक' मुळीच नको. घातक रसायन, घातक सवय. हा शब्द वाचला की अपायच डोळ्यांपुढे येतो. 'रक्तात घातक पेशी आढळल्या' असं वाचून रुग्णाचे नातेवाईक हादरतील, आणि तेही त्याला वाचवायला झटणाऱ्या पेशींमुळे! 'मारेकरी'ची अडचण निराळी. मराठीत मारेकरी कुणीतरी घालतो, ठरलेल्या माणसावर. या पेशींना कुणी लक्ष्य नेमून देत नाही, आणि नावातलं 'नॅचरल' त्यामुळेच आलं आहे.

१९७५ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रोल्फ किस्लिंग आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरचं काम प्रसिद्ध केलं. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी ज्यांना कधी टोचल्याच नव्हत्या, अशा उंदरांच्या प्लीहेतल्या काही पेशीही त्या कॅन्सरपेशींना मारत होत्या. टी-पेशी या दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशी; त्यांना आधी शत्रूची ओळख व्हावी लागते, मग त्यांची संख्या वाढते. त्यात काही दिवस जातात. इथे ती पूर्वतयारी नाही. म्हणून मला 'उपजत' हा शब्द चपखल वाटतो. 'नैसर्गिक' चूक नाही, पण जाहिरातींनी त्याचा अर्थ 'रसायनविरहित' करून ठेवला आहे.

मग या पेशी सावज ओळखतात कसं? निरोगी पेशीच्या पृष्ठभागावर एमएचसी वर्ग-१ ची प्रथिनं असतात, पेशीच्या ओळखपत्रासारखी. टी-पेशींच्या नजरेतून सुटायला अनेक विषाणू आणि कॅन्सरच्या गाठी ती प्रथिनं कमी करतात, आणि तिथेच फसतात: हा अभाव उपजत पेशींना जाणवतो. हे कॅरोलिन्स्कातल्याच संशोधकांनी १९८६ साली प्रयोगाने दाखवलं. पुढे उपजत पेशीने सोडलेलं परफोरिन हे प्रथिन सावजाच्या आवरणाला भोकं पाडतं, ग्रॅन्झाइम ही विकरं आत शिरतात आणि ती सावज पेशी स्वतःच स्वतःला संपवते. यात गिळणं कुठेच नाही, त्यामुळे काहीजण लिहितात ते 'भक्षक'ही बसत नाही. तो शब्द जंतू गिळणाऱ्या महाभक्षी पेशींसाठी (मॅक्रोफेज) राहू द्या.

माझी निवड 'उपजत मारक पेशी'. 'मारक'मध्ये काम आहे, दुष्टपणा नाही. नुसतं 'मारक पेशी' मात्र लिहू नका, कारण टी-पेशींमध्येही मारक प्रकार असतो. लेखात पहिल्यांदा 'उपजत मारक पेशी, म्हणजेच एनके पेशी' असं लिहा आणि पुढे 'एनके पेशी'च ठेवा. डॉक्टरांच्या तोंडी आणि तपासणीच्या कागदावर वाचकाला तेच नाव भेटणार आहे.