आजोबांच्या खरेदीखतावर मध्यप्रदेश कसा काय?

प्रश्न : नमस्कार सर, मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितो. दिवाळीच्या साफसफाईत आजोबाच्या लोखंडी पेटीत वावराचं १९५२ चं खरेदीखत सापडलं, त्यावर मध्यप्रदेश लिहून आहे. पोरगं म्हणते बाबा आपण तं महाराष्ट्रातले, मंग हे कसं? आजोबा नेहमी म्हणत का आपलं नागपूर राजधानी होतं, मले वाटे ते उपराजधानीलेच राजधानी म्हणत असतील. खरं काय आहे? अन देशाच्या इतिहासात नागपुरानं काय केलं तेही लिहा, पोराले शाळेत सांगाचं आहे.

उत्तर : दादा, आजोबांचं बरोबर होतं आणि कागदही खरा आहे. १९५२ ला नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) आणि वऱ्हाडातले चारही जिल्हे मध्यप्रदेशातच होते आणि त्याची राजधानी नागपूर होती, भोपाळ तेव्हा या राज्यात नव्हतंच. जबलपूर-रायपूरच्या माणसाचं मंत्र्याकडे काम असलं तर तो नागपूरची गाडी धरायचा.

हे सुरू झालं नागपूरच्या भोसल्यांचं राज्य गेल्यावर. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, पोटचा मुलगा नव्हता, इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसीनं दत्तक मानला नाही आणि राज्य खालसा केलं. १८६१ ला इंग्रजांनी मध्य प्रांत केला, राजधानी नागपूर, मग १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडलं म्हणून म्हातारी माणसं सीपी अँड बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, म्हणायची. १९५० ला त्याचंच नाव मध्यप्रदेश झालं आणि तुमचं खरेदीखत त्याच्या दोन वर्षांनंतरचं आहे.

आता देशाच्या इतिहासाचं. पोराला सगळ्यात आधी डिसेंबर १९२० सांगा, कारण माझ्या मते नागपूरचं सगळ्यात मोठं काम तेच. टिळक ऑगस्टमध्ये गेलेले, गांधीजींचा असहकार काँग्रेसच्या कलकत्त्यातल्या खास अधिवेशनात पास झाला होता पण पुष्कळ मोठे पुढारी अजून मनातून तयार नव्हते, ते पक्कं झालं नागपूरच्या अधिवेशनात. १४ हजारांवर प्रतिनिधी आले होते, आणि स्वागताध्यक्ष कोण तर तुमच्याच वर्धेचे जमनालाल बजाज. जिनांनी तिथं उभं राहून विरोध केला आणि नंतर काँग्रेसच सोडली. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काँग्रेसची घटनाच तिथं बदलली. चार आणे दिले की कोणीही सभासद, म्हणजे वकील-बॅरिस्टरच पाहिजे असं नाही, कापूस वेचणारा माणूसही काँग्रेसचा झाला. आणि प्रांतिक समित्या इंग्रजांच्या नकाशाप्रमाणे न करता भाषेप्रमाणे करायच्या ठरल्या, त्यात नागपूर अन वऱ्हाड हे मराठी प्रांत वेगळे आणि जबलपूरकडचा हिंदी भाग वेगळा. हे लक्षात ठेवा, पुढं कामात येईल.

१९२३ चा झेंडा सत्याग्रहही सांगा. तिरंगा घेऊन नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून, म्हणजे साहेबांच्या वस्तीतून, जायला बंदी होती, तर रोज जत्था निघायचा आणि रोज अटक व्हायची. जमनालालजी जेलमध्ये गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी येऊन धुरा घेतली, बाहेरच्या प्रांतातूनही लोक आले, शेवटी ऑगस्टमध्ये झेंड्याची मिरवणूक त्याच रस्त्यानं गेली. १९४२ च्या चले जाव आंदोलनात इंग्रजांशी लढलेलं आष्टी तुमच्याच जिल्ह्यातलं आहे, ते तुम्हाला मी काय सांगू.

मग राजधानी गेली कशी? जो भाषेचा हिशोब १९२० ला नागपुरात पक्का झाला, त्याच हिशोबानं १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी वाटणी झाली. हिंदी भाग भोपाळकडे गेला, आपले आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले आणि नागपूरची राजधानी संपली. राज्यांची वाटणी ठरवायला नेमलेल्या फजल अली आयोगानं १९५५ मध्ये वेगळं विदर्भ राज्य सुचवलं होतं, ते मान्य झालं नाही. विदर्भ आणि बाकी महाराष्ट्राच्या पुढाऱ्यांमधल्या १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक तरी अधिवेशन नागपूरला घ्यायचं लिहिलं होतं, डिसेंबरचं हिवाळी अधिवेशन त्यातूनच आलं. मला ही गोष्ट अजूनही लागते की जवळपास शंभर वर्षं राजधानी राहिलेल्या शहराच्या वाट्याला वर्षाचे थोडेसे दिवस आले. आणि हो, १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर लाखो लोकांसोबत धम्म स्वीकारला तेव्हा नागपूर राजधानीच होतं, शेवटचे अठरा दिवस राहिले होते.

कागदाचं म्हणाल तर मालगुजारी, म्हणजे आपल्याकडची जमीनदारी, १९५१ मध्ये संपली आणि तुमचं खत १९५२ चं, म्हणजे मालगुजार गेल्यावर लगेचच आजोबांनी वावर घेतलेलं दिसते. त्यातला खसरा नंबर (वावराचा नंबर) सातबाऱ्याशी जुळवून पहा. लॅमिनेशन करू नका, जुना कागद त्यात खराब होतो, आधी चांगले फोटो काढा आणि सुती कापडात गुंडाळून पेटीतच ठेवा, खाली कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका.