पाचगणीकडच्या सिल्व्हर ओकच्या विरळणीला कोणता चेनसॉ घ्यावा?

दाट लावलेल्या सिल्व्हर ओकची विरळणी म्हणजे वीतभर जाडीची खोडं, लाकूडही मऊ. ३५ ते ४० सीसीचं इंजिन आणि १४ इंची बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) पुष्कळ झाला. दुकानदार ५८ सीसी, २२ इंची मशीन गळ्यात मारतो. पण दाटीत लांब बारचं टोक शेजारच्या खोडाला टेकलं की मशीन उसळून अंगावर येतं. शिवाय उतारावर दिवसभर ते वजन पेलून खांदे भरून येतात, माझे आलेत. मशीन उसळलं की चेन थांबवणारा चेन ब्रेक नीट काम करतो का, ते दुकानातच पाहा. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल कंपनी सांगेल तेवढंच, बहुधा लिटरला २० मिली. चेनचं तेल वेगळं. किसाऐवजी पीठ पडायला लागलं की चेन बोथट झाली, लगेच कानस मारा. आणि हो, तोडीच्या परवानगीचं वनखात्यात आधी विचारा.