'ब्लेझार'ला 'ज्वालातारा' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: बातमीत 'ब्लेझारमध्ये गॅमा किरणांचा भडका' असं वाचलं. हा शब्द कोटाच्या ब्लेझरवरून आला का, आणि मराठीत 'ज्वालातारा' चालेल का?

ब्लेझार म्हणजे केंद्रातून आपल्या रोखाने झोत सोडणारी दूरची दीर्घिका. या नावाचं कोटाशी नातं आहे, पण चुलत. दोन्हींत भडकण्याचा 'ब्लेझ' आहे. कोटाला तो भडक रंगामुळे चिकटला. ब्लेझारमधलं 'बीएल' मात्र मुळात नुसती दोन अक्षरं. १९२९ साली कूनो हॉफमाइस्टर यांना सरठ तारकासमूहात, म्हणजे लासर्टात, तेज कमीजास्त होणारा एक ठिपका सापडला. तो रूपविकारी तारा समजून रीतीप्रमाणे नाव पडलं 'बीएल लासर्टी'. १९६८मध्ये तो रेडिओ स्रोत असल्याचं कळलं आणि पुढे ती दूरची दीर्घिका निघाली. १९७८च्या पिट्सबर्ग परिषदेत एडवर्ड श्पीगल यांनी 'बीएल लॅक' (बीएल लासर्टीचंच छोटं रूप) आणि 'क्वेसार' (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) यांची सांगड घालून 'ब्लेझार' केला. श्लेषही साधला.

म्हणूनच 'ज्वालातारा' मला पटत नाही. जो तारा नव्हता, त्याला मराठीत पुन्हा तारा कशाला करायचं? शिवाय तिथे जळत काहीच नाही. दीर्घिकेच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराजवळून निघालेला झोत जवळपास प्रकाशवेगाने आपल्याच रोखाने येत असतो. त्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत रेडिओपासून कधी क्ष-किरणांपर्यंतचं तेज देतात. तेच इलेक्ट्रॉन प्रकाशकणांना टोला हाणून गॅमा ऊर्जेपर्यंत चढवतात, असं सहसा मानलं जातं. रोख आपल्याकडे असल्याने तेज वाढलेलं आणि बदल झपाट्याने झालेले दिसतात. तेव्हा 'ब्लेझार'च ठेवावा; 'क्वेसार' नाही का रुळला?

'भडका' मात्र चपखल. जुलै २००६मध्ये पीकेएस २१५५-३०४ या ब्लेझारचं तेज काही मिनिटांत दुप्पट होताना नामिबियातल्या गॅमा किरण टिपणाऱ्या हेस दुर्बिणींनी पाहिलं. एखादी जागा ओलांडायला प्रकाशाला जेवढा वेळ लागतो, साधारण त्याहून लवकर ती सगळी मिळून बदलू शकत नाही. आणि सूर्याच्या अब्जपट वस्तुमानाच्या कृष्णविवराच्या त्रिज्येइतकं अंतर कापायलाच प्रकाशाला पावणेतीन तास लागतात. मग मिनिटांत बदलणारी जागा झोतात नेमकी कुठे आणि केवढी, यावर अजून वाद आहे. काही जण 'स्फोट' लिहितात. स्फोट एकदा होऊन संपतो. ब्लेझार भडकतो, निवतो, पुन्हा भडकतो. भडका नसताना होणाऱ्या एरवीच्या बदलांना मी साधं 'तेजातले चढउतार' म्हणेन.