खोकल्याला आलेलं मूल, राहिलेली लस

या वेळी पालकांपेक्षा दवाखाना चालवणाऱ्यांचीच पत्रं जास्त आली. त्यातल्या चार प्रश्नांना आमच्या बालरोगतज्ज्ञांची उत्तरं.

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझा मुलांचा दवाखाना आहे. रोज साठ-सत्तर मुलं येतात, बहुतेक ताप, खोकला, जुलाबासाठी. लसी, वजन-उंची, विकासाची तपासणी गर्दीत मागं पडते. जादा माणूस न ठेवता काही करता येईल का?

उत्तर : येईल, पण हे काम तुम्ही स्वतःच्या लक्षात ठेवायचं नाही. गर्दीच्या सोमवारी ते लक्षात राहत नाही, आणि त्यात तुमची चूक नाही. मूल तुमच्यासमोर येण्याआधीच ते बाहेर झालेलं असलं पाहिजे.

नाव नोंदवतानाच सिस्टरनी कार्ड मागायचं. "सगळ्या लसी झाल्या ना?" असं विचारू नका, त्याला प्रत्येक आई "हो" म्हणते. "कार्ड दाखवा" म्हणायचं. घरी राहिलं असेल तर घरच्यांकडून मोबाईलवर फोटो मागवायचा. सरकारी कार्ड आणि खासगी दवाखान्याची फाईल अशा दोन नोंदी असतील तर दोन्ही शेजारी ठेवून बघा. इकडे पेंटा (पाच रोगांची एकत्र लस), तिकडे सहा रोगांची एकत्र लस, इकडे एमआर (गोवर-रुबेला), तिकडे एमएमआर (त्यातच गालगुंडाचीही), या नावांच्या घोळात एखादा डोस दोनदा पडतो किंवा पडतच नाही.

मग केसपेपरला एक छोटी चिठ्ठी टाचायची : बाकी लस, आजचं वजन, मागचं वजन. 16 ते 30 महिन्यांच्या मुलाच्या आईला बाकावर बसल्या बसल्या ऑटिझमच्या प्राथमिक चाचणीची एम-चॅटची वीस प्रश्नांची प्रश्नावली भरायला द्या. तुम्ही फक्त चिठ्ठी वाचून निर्णय घ्यायचा. शंका आली तर जिल्ह्याच्या डीईआयसी (मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी) केंद्राकडे चिठ्ठी द्या. तिथली तपासणी मोफत असते.

सगळ्यात जास्त संधी जाते ती "बरं वाटल्यावर आणा" या वाक्यामुळे. साधी सर्दी, खोकला, थोडे जुलाब, हलका ताप, चालू असलेलं अँटिबायोटिक, यातलं काहीही लस थांबवायचं कारण नाही. जोराचा ताप, धाप किंवा दाखल करण्याइतका आजार असेल तरच पुढे ढकला. आधीच्या डोसनंतर गंभीर अॅलर्जी झाली असेल, तर ती लस पुन्हा द्यायची नाही. बरं वाटलेलं मूल पुन्हा दवाखान्यात येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आठवणीसाठी संगणक नसला तरी चालतं. बारा कप्प्यांचं एक खोकं घ्या. प्रत्येक मुलाचं छोटं कार्ड पुढचा डोस ज्या महिन्यात असेल त्या कप्प्यात ठेवा. लस झाली की कार्ड पुढच्या कप्प्यात. महिनाअखेर कप्प्यात जी कार्डं उरली, ती चुकलेली मुलं. त्यांना फोन करा. फोन लागला नाही तर त्या भागातल्या आशाताईंना सांगा. लस आरोग्य केंद्रात मोफत घेणार असतील तर उत्तमच, पण घेतली की तारीख तुमच्या कार्डावरही चढली पाहिजे.

सुधारणा झाली की नाही हे मोजा. दर महिन्याला नुकतीच दोन वर्षं पूर्ण झालेल्या वीस मुलांचे केसपेपर काढा आणि एमआरचा दुसरा डोस व डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर किती जणांचा झाला ते मोजा. आकडा भिंतीवर लावा, सिस्टरना दिसेल असा.

प्रश्न : लसी घरगुती फ्रिजमध्ये ठेवतो. लाईट वारंवार जाते. लस खराब झाली हे कसं ओळखायचं?

उत्तर : गरम होण्याची भीती सगळ्यांना असते, गोठण्याची कुणालाच नसते. तापमान 2 ते 8 अंश सेल्सिअस हवं, आणि ते सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं. लसी दारात नकोत, बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेमध्ये नकोत, मागच्या भिंतीला टेकूनही नकोत. खालच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, लाईट गेल्यावर गारवा टिकतो. तेवढा वेळ दार उघडू नका. लसी दुसरीकडे न्यायच्याच असतील तर आइसपॅक बाहेर काढून हलवल्यावर आत पाणी डुचमळेपर्यंत थांबा. कडक बर्फाला टेकलेली पेंटा गोठते.

गोठल्याची शंका असलेल्या पेंटा, डीपीटी, टीडी (धनुर्वात-घटसर्प), हिपॅटायटिस-बी किंवा पीसीव्हीच्या (न्युमोकोकल लस) कुपीसाठी शेक टेस्ट, म्हणजे हलवून बघायची चाचणी आहे. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम घट्ट गोठवून वितळवा. तिच्यावर "वापरू नये" असं लिहा. दोन्ही कुप्या एकत्र हलवा आणि टेबलावर शेजारी ठेवून उजेडात बघा. गोठवलेल्या कुपीत गाळ भराभर तळाशी बसतो. संशयित कुपीतही तितक्याच वेगानं किंवा त्याहून लवकर बसला, तर ती टाका. गोठून घट्ट झालेली दिसली तर टेस्टची गरजच नाही, थेट टाका. आयपीव्हीला (पोलिओच्या इंजेक्शनला) ही चाचणी लागू नाही.

प्रश्न : बाळाची उंची मागच्या वेळेपेक्षा कमी भरली. असं कसं होईल?

उत्तर : बहुतेक वेळा मोजण्यात फरक पडलेला असतो. दोन वर्षांपर्यंत झोपवून मोजतात, त्यानंतर उभं करून. त्याच मुलाची उभ्याची उंची साधारण 0.7 सेंमी कमी भरते. डायपर, बूट आणि काट्याचं शून्यही तपासून घ्या. एका आकड्यापेक्षा वाढीच्या तक्त्यावरची रेषा कुठे चालली आहे ते बघायला सांगा.

प्रश्न : ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातलं बाळ सात महिन्यांचं आहे. जन्माच्या वेळच्या लसी झाल्या, सहा आठवड्यांच्याही झाल्या. पुढचं सगळं राहिलं. पहिल्यापासून सुरू करायचं का?

उत्तर : नाही. झालेला डोस वाया जात नाही. आजच पेंटा-2, पोलिओ-2 (थेंब), रोटा-2 (रोटाव्हायरसच्या जुलाबाची लस), एफआयपीव्ही-2 (आयपीव्हीचा छोटा डोस) आणि पीसीव्ही-2 द्या. सगळं एकाच दिवशी चालतं. एकाच मांडीत दोन सुया द्यायच्या असतील तर अंतर किमान अडीच सेंटीमीटर ठेवा. चार आठवड्यांनी पेंटा-3, पोलिओ-3, रोटा-3. नऊ महिने पूर्ण झाले की एमआर-1, एफआयपीव्ही-3, पीसीव्हीचा बूस्टर (आजच्या डोसनंतर किमान आठ आठवड्यांनी) आणि एक लाख युनिट 'अ' जीवनसत्त्व. या तारखा कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा आणि आईच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवा. ती पुढच्या महिन्यात कारखान्याच्या गावी असेल, तर तिथल्या आरोग्य केंद्रातही हेच डोस मोफत मिळतात, हे तिला आजच सांगा.