मंडपवाल्याला सांगण्याआधी

प्रिय भाऊ,
आशीर्वाद.

स्नेहसंमेलन तुझ्या गळ्यात पडलं म्हणे. नव्या शिक्षकाच्या पडतंच! दिव्यांग मुलांचा वेगळा कार्यक्रम ठेवू का, असं विचारलंस. नको ठेवूस. पाहुणे डोळे पुसतात, टाळ्या पडतात, आणि पोरं परत आईजवळ जाऊन बसतात. खरी मजा स्टेजमागे असते: कोणाचा फेटा सुटतो, कोणाची एन्ट्री चुकते. त्या गोंधळात ही पोरं हवीत.

कोणाला काय करायचंय ते त्यांनाच विचार. एखाद्याला सूत्रसंचालन हवं असेल, एखादीला नुसतं मैत्रिणींत बसून खिदळायचं असेल. तेही चालतं.

चाकाची खुर्ची स्टेजवर कशी चढेल, ते मात्र आजच बघ. मंडपवाला म्हणेल, "सर, फळी टाकून देतो." ऐकू नकोस. रॅम्पला 1 फूट उंचीमागे 12 फूट लांबी लागते. 3 फुटी स्टेजला 36 फूट. तेवढी जागा नसेल तर सगळ्यांचेच नाच खाली मैदानात घे, स्टेजवर पाहुणे बसू देत. खुर्चीसकट पोराला उचलून वर नेऊ नका. आठवीतल्या मुलाला सगळ्या शाळेसमोर ते नको वाटतं.

डीजेचा आवाज सहन न होणाऱ्यासाठी एक वर्ग उघडा ठेव. वाटेल तेव्हा जाईल, येईल. ऐकू न येणारी मुलगी अहिराणी गाण्यावर नाचणार असेल, तर ठेका दाखवणारा हात तिला समोर दिसला पाहिजे.

भरीत पार्टी यंदा शेतात नको. काळ्या ढेकळांत चाकं रुततात. शिवाय तिथे संडास नसतो, म्हणून एखादी मुलगी दिवसभर पाणीच पीत नाही आणि कोणाला सांगतही नाही. शाळेच्या मैदानातच काड्या पेटवून वांगी भाजा. ती जरा निवली की साली काढायला सगळ्यांना बसव. त्याला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात.

"पालक सोबत असतील तरच" असं कोणी म्हणालं, तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, कलम 16 दाखव: खेळ आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने. वाद घालू नकोस, नुसतं वाचायला दे. आईला यायचं असेल तर पाहुणी म्हणून येऊ दे.

मंडपवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी स्टेजची उंची मोजून मला कळव. आणि वांगी बामणोदचीच आण, त्यात काटकसर नको.

तुझे,
आप्पा